आजोबांच्या पायांत चपला केव्हा आल्या?

डुकराच्या मुंडक्यातले डोळे काही केल्या निघेनात. अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगररांगांत, लाकडी ओंडक्यांच्या घरात एकट्या राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या एरी कार्पेंटर आजी सुरी घेऊन त्या मुंडक्याशी झटत बसल्या होत्या. दारात शाळेतली पोरं टेपरेकॉर्डर घेऊन उभी. मुलाखत राहिली बाजूला, पाहुण्यांना आधी हातभार लावावा लागला. मग मुंडकं शिजत पडलं आणि आजींच्या गप्पा सुरू झाल्या. विहिरीतून ओढलेलं पाणी, स्वतः लावलेला भाजीपाला, शिवलेल्या गोधड्या, गेलेला नवरा, हिवाळ्यातलं एकटेपण. ही मुलाखत मुलांच्याच नियतकालिकात छापून आली आणि एरी आजी अमेरिकाभर सगळ्यांच्या आजी झाल्या.

त्या नियतकालिकाचं नाव 'फॉक्सफायर'. कुजत्या लाकडावर वाढणारी आणि अंधारात हिरवट उजळणारी एक बुरशी असते, तिचं हे नाव. (आपल्याकडे भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात असाच उजेड दिसतो.) १९६६ साली जॉर्जिया राज्यातल्या रेबन गॅप गावच्या शाळेत एक नवखा शिक्षक इंग्रजी शिकवायला आला. वर्ग इतका कंटाळला होता, की तास चालू असताना एका मुलाने शिक्षकाच्या व्याख्यानाच्या मेजालाच काडी लावली. शिक्षकाने छडी उगारली नाही. पुस्तकं बाजूला ठेवून 'मग करायचं काय?' असं मुलांनाच विचारलं. ठरलं, की आपण मासिकासारखं काहीतरी काढू. त्यात छापायचं काय, याचं उत्तर घराघरांत ओसरीवर बसलं होतं. साबण कसा करतात, ओंडक्यांचं घर कसं बांधतात, आभाळ बघून पावसाचा अंदाज कसा बांधतात, हे सगळं माहीत असलेली म्हातारी माणसं. शहरातले लोक याच माणसांना अडाणी डोंगरी म्हणून हसत आले होते, आणि नातवंडंही ते हसणं शिकू लागली होती. १९७२ मध्ये या लेखांचं पुस्तक निघालं आणि ते लाखोंनी खपलं.

या पोरांना कुणी 'वडीलधाऱ्यांचे आभार माना' असं शिकवलं नव्हतं. त्यांच्यावर फक्त प्रश्न विचारण्याचं आणि उत्तर नीट उतरवून घेण्याचं काम पडलं होतं.

आपल्या घरांतला शिरस्ता नेमका उलटा. पाहुण्यांनी चॉकलेट दिलं, की पोराच्या पाठीवर टपली पडते, 'काकांना थँक्यू म्हण बाळा.' पोर थँक्यू म्हणतं आणि पळतं. तेवढ्याला शिष्टाचार म्हणता येईल. कृतज्ञता हा शब्द मात्र आतून पाहिला, तर त्यात आभाराचा उल्लेखच नाही. 'कृत' म्हणजे केलेलं आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. कुणीतरी आपल्यासाठी काय केलं ते ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. मराठीत आपण उपकाराची 'जाण' ठेवतो म्हणतो, तेही याच चालीवर. आता जे ठाऊकच नाही त्याची जाण ठेवायची कशी? म्हणजे आधी माहिती हवी, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात आहे.

मानसशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने याच जागी पोहोचले आहेत. न्यूयॉर्कजवळच्या हॉफ्स्ट्रा विद्यापीठातले जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्गांना रोजच्या साध्यासुध्या गोष्टींबद्दल धडे दिले. उरलेल्यांना, कुणी मदत केली की तीन गोष्टींचा विचार करायला शिकवलं. त्याने हे मुद्दाम आपल्यासाठी केलं का? करताना त्याला काय खर्ची घालावं लागलं? आणि आपल्याला त्यातून काय मिळालं? 'धन्यवाद म्हणा' असं बजावणं या धड्यांत नव्हतं. पुढे पालक-शिक्षक संघाला आभाराची पत्रं लिहिण्याची संधी आली, तेव्हा या तीन गोष्टी शिकलेल्या मुलांनी इतरांपेक्षा ८० टक्के जास्त पत्रं लिहिली. आठवड्यातून एकदा असे धडे घेतलेल्या मुलांमध्ये तर हा फरक पाच महिन्यांनंतरही टिकून होता.

तीन प्रश्नांतला मधला सगळ्यांत अवघड. मिळालेली वस्तू डोळ्यांना दिसते, देणाऱ्याचा हेतूही बहुधा कळतो, पण त्याने मोजलेली किंमत कुठेच लिहिलेली नसते. बुटाच्या खोक्यावर एमआरपी असते. ते बूट घेऊन देणारे आजोबा स्वतः कितव्या वर्षापर्यंत अनवाणी शाळेत गेले, हे खोक्यावर नसतं.

बुटांचं हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं नाही. आयर्लंडच्या सरकारने एकेकाळी देशातल्या मुलांना हाच गृहपाठ दिला होता.

१९३७ साली आयर्लंडला ब्रिटिशांपासून वेगळं होऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. जुनी माणसं जात होती, त्यांच्याबरोबर आयरिश भाषा आणि गावोगावच्या कहाण्याही जात होत्या. लोककथा आयोगाकडे पैसा तुटपुंजा आणि पगारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आयोगाने मग शिक्षण खातं आणि प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेला हाताशी धरून एक अफलातून तोडगा काढला. पाचवी-सहावीच्या मुलांना निबंधाऐवजी हे काम द्यायचं. ही मुलं अकरा ते चौदा वर्षांची. शॉन ओ सुलावान या अभिलेखपालाने ५५ विषयांची पुस्तिका तयार केली. शिक्षकाने विषय सांगायचा, मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारायचं, आलेलं वहीत लिहायचं, आणि सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव खाली नोंदवायचं. ही शेवटची अट मोठी हुशारीची होती. ज्या म्हाताऱ्याचं नाव आजवर चर्चच्या दप्तरापलीकडे कुठे आलं नव्हतं, ते आता सरकारी कागदावर चढणार होतं, तेही माहिती देणारा जाणकार म्हणून.

विषय बघण्यासारखे आहेत. पुरलेली धनं, घरगुती औषधं, हवामानाचे ठोकताळे, गावातले बलदंड लोक, भाकरी, बटाट्याचं पीक. त्यात एक विषय होता 'पायांची निगा'. मुलांनी विचारायचं, की पूर्वी लोक कितव्या वर्षी जोडे घालू लागत? उत्तरं आली, की जाणते होईपर्यंत म्हातारी माणसं अनवाणीच हिंडली. ही नोंद करणाऱ्या मुलांपैकीही अनेक जण उन्हाळ्यात अनवाणीच असत. तरी 'आजोबांना लहानपणी जोडे नव्हते' हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिणं आणि ते ऐकून सोडून देणं, यात फार फरक आहे.

दुष्काळ हाही एक विषय होता. १८४५ पासून चार-पाच वर्षं बटाट्यावर रोग पडत राहिला आणि आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली. तितकीच देश सोडून गेली. १९३७ मध्ये नव्वदीत असलेली माणसं त्या काळाच्या कडेला जन्मलेली. ज्यांनी दुष्काळ प्रत्यक्ष सोसला, त्यांच्या मांडीवर ती वाढली होती. इतिहासाच्या पुस्तकात दहा लाख हा आकडा येतो. मुलांच्या वह्यांत आपल्याच शिवारातली कोसळलेली घरं आली, पेटीविना पुरलेली प्रेतं आली, उपाशी शेजाऱ्यासाठी स्वतःच्या भांड्यातलं काढून ठेवणारी बाई आली. ताटातला बटाटा तोच होता. तो कुठून आला, हे आता त्या पोराला ठाऊक झालं होतं.

दीड-दोन वर्षांत सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी मिळून ७ लाख ४० हजारांच्या आसपास पानं भरली. आयोगाचा हा सगळा संग्रह २०१७ मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत गेला. शाळांच्या वह्या आज इंटरनेटवर वाचता येतात. आपल्या पणजीने सहावीत असताना लिहिलेलं वाचणारी माणसं तिथे रोज भेटतात.

आता एक शंका कुणीही काढेल. आपल्याकडची मुलं म्हाताऱ्यांचं ऐकत नाहीत का? ऐकतात की. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य ऐकत ऐकतच तर ती मोठी होतात. आम्ही कंदिलाखाली अभ्यास केला, आम्ही चार मैल चालत गेलो. पहिल्याच शब्दाला पोराच्या चेहऱ्यावर पडदा पडतो, कारण ही गोष्ट त्याने विचारलेली नसते आणि तिच्या शेपटाला हमखास एक टोमणा बांधलेला असतो. रेबन गॅपच्या आणि आयर्लंडच्या मुलांच्या बाबतीत प्रश्न मुलांचा होता. वही त्यांच्या हातात होती. चार मैलांची तीच गोष्ट विचारल्यावर सांगितली, तर पोर पुढचा प्रश्न टाकतं, 'मग पावसात दप्तर कुठे ठेवायचात?' आणि आजोबा थबकतात, कारण हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

सैनिकांच्या बाबतीत तर न विचारण्याचीच रीत असते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे तेव्हाचे खासदार रॉन काइंड घरच्या मंडळींबरोबर अंगणात जेवायला बसले होते. वडील कोरियाच्या युद्धात होते, काका दुसऱ्या महायुद्धात. दोघे एकमेकांशी त्या दिवसांबद्दल बोलू लागले. रॉन यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी घरातून व्हिडिओ कॅमेरा आणला आणि लहान मुलं मोठी झाल्यावर त्यांना ऐकता यावं म्हणून ते बोलणं टिपून घेतलं. पुढे त्यांनी हीच कल्पना संसदेत नेली. ऑक्टोबर २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही होऊन कायदा झाला आणि 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या राष्ट्रीय ग्रंथालयात सैनिकांच्या आठवणी जमा होऊ लागल्या. आज तिथे एक लाखाहून अधिक माजी सैनिकांचं बोलणं, पत्रं, छायाचित्रं आहेत.

दहावी आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांना या कामात भाग घेता येतो. अट एवढीच, की मुलाखत निदान तीस मिनिटांची हवी आणि तिच्यात काटछाट करायची नाही. दरवर्षी ११ नोव्हेंबरच्या सुमाराला अमेरिकी शाळांतून माजी सैनिकांना बोलावतात. १९१८ मध्ये त्याच तारखेला पहिलं महायुद्ध थांबलं. शाळेतल्या कार्यक्रमात बँड वाजतो, झेंडे हलतात, भाषणं होतात. खरं काम नंतर, एका बाकावर समोरासमोर बसल्यावर सुरू होतं.

ग्रंथालयाने सुचवलेल्या प्रश्नांची यादी वाचली, की ती करणाऱ्याला माणसं कळत होती असं वाटतं. भरती कशी झालात, पहिले दिवस कसे होते, जेवायला काय मिळायचं, घरी खबर कशी कळवायचात, शकुन म्हणून काही जवळ बाळगायचात का, एकमेकांच्या खोड्या काय काढायचात. लढाईबद्दलचे प्रश्न आहेत, पण त्यांच्याभोवती हे सगळं आहे. 'युद्धात कसं वाटलं?' या प्रश्नाला सैनिक 'ठीक होतं' म्हणतो. 'जेवायला काय होतं?' म्हटलं, की डब्यातलं गोठलेलं मांस आठवतं, ते ज्याच्याबरोबर वाटून खाल्लं तो मित्र आठवतो, आणि मग तो मित्र परत आला नाही हेही आठवतं. तिथे थांबायचं असतं, पुढचा प्रश्न घाईने टाकायचा नसतो. आणि 'किती जणांना मारलंत?' हे तर कधीच विचारायचं नसतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असाच एक उपक्रम डेव्ह आयसे या रेडिओ-निर्मात्याने काढला. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्याने एक छोटी खोली उभी केली. दोन माणसांनी आत जायचं, चाळीस मिनिटं बोलायचं. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांना, एक राष्ट्रीय ग्रंथालयाला. 'स्टोरीकोर' हे या उपक्रमाचं नाव. २०१५ मध्ये मोबाइल ॲप आलं आणि त्याच नोव्हेंबरात शाळांना आवाहन गेलं, की थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या एका वडीलधाऱ्याची मुलाखत घ्यावी. आभार मानण्याच्या सणाला आभाराचं भाषण नको, चाळीस मिनिटं ऐकणं पुरे, अशी ही मांडणी.

पण प्रत्येक कहाणीतून कृतज्ञताच निघावी असा हट्ट धरला, तर गडबड होते. हिरोशिमाच्या मोतोमाची शाळेत २००७ पासून चित्रकलेचे विद्यार्थी अणुबॉम्बमधून वाचलेल्या माणसांबरोबर महिनोन् महिने बसतात. त्या माणसाच्या मनातलं एकच दृश्य तैलरंगात उतरवायचं असतं. आभाळाचा रंग कसा होता, कातडी कशी लोंबत होती, नदीत काय तरंगत होतं, हे रंग कालवत कालवत विचारावं लागतं. चित्र पुरं झालं, की ते शांतता स्मृती संग्रहालयाकडे जातं. इथे 'आभारी आहे' म्हणायचं कुणाला आणि कशाबद्दल? फार तर या माणसाने दुखरी जखम आपल्यासमोर पुन्हा उघडली, एवढ्याबद्दल. वाचलेल्यांचं सरासरी वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्या 'निहोन हिदान्क्यो' या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. फाळणीतून आलेल्या माणसाशी किंवा धरणात गाव गेलेल्या आजोबांशी बोलतानाही हे भान हवं. त्यांच्या दुःखाचा 'आपण किती सुखी' असा हिशेब मांडणं हा त्यांचा अपमान आहे.

महाराष्ट्रात या कहाण्यांचा तुटवडा कधीच नव्हता. सातारा-सांगलीच्या मातीत १९४२ नंतर इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार उभं राहिलं. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवली. या धाडीतले कॅप्टन भाऊ, म्हणजे कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, वयाच्या नव्वदीतही त्या दिवसाबद्दल आवेशाने बोलत. क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी हौसाताई पाटील यांची कहाणी तर नाटकात शोभावी अशी. सतरा वर्षांच्या हौसाताई आणि नवऱ्याचं सोंग घेतलेला एक साथीदार यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर कडाक्याचं भांडण मांडलं. 'नवरा' बायकोला मारतोय म्हणून पोलीस सोडवायला धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातली हत्यारं पळवली. त्याने जरा जास्तच जोरात मारलं, ही हौसाताईंची तक्रार सत्तर वर्षांनंतरही कायम होती. या दोघांच्या हकिकती पत्रकार पी. साईनाथ यांनी गावात जाऊन, बसून, ऐकून लिहिल्या. सामान्य स्वातंत्र्यसैनिकांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक २०२२ मध्ये आलं. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या होत्या, कॅप्टन भाऊ २०२२ च्या फेब्रुवारीत. त्यांच्या पंचक्रोशीत शाळा भरपूर आहेत. किती वर्ग वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मुरलीकांत पेटकर यांचंही तसंच. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्याने पोहण्यात पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पहिलं. पद्मश्री आली २०१८ मध्ये, आणि घरोघरच्या पोरांना नाव कळलं ते २०२४ च्या सिनेमामुळे. मधली पन्नास वर्षं हा माणूस इथेच होता.

आपल्या शाळांचा सैनिकांशी वर्षातून एकदा संबंध येतो, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला. १९४९ पासून ही प्रथा आहे. वर्गात छोटे झेंडे येतात, मुलं घरून पैसे आणतात, झेंडा खिशाला लागतो. निधी माजी सैनिकांच्या, जखमी जवानांच्या आणि वीरपत्नींच्या कामी येतो, तेव्हा तो द्यायलाच हवा. पण झेंडा लावणाऱ्या पोराला आपल्याच गल्लीतले 'मेजरसाहेब' खरे तर हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि १९७१ च्या डिसेंबरात ते नेमके कुठे होते, हे माहीत नसतं. त्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. साताऱ्याजवळचं एक गाव तर पिढ्यान् पिढ्या फौजेत माणसं पाठवून 'मिलिटरी अपशिंगे' या नावानेच ओळखलं जातं. पण माजी सैनिक बहुतेक सगळ्या गावांत सापडतात, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांची नोंदही असते.

गुरुजींनी येत्या ध्वजदिनाला झेंड्याबरोबर एक वही द्यावी. सुरुवात पदकापासून करू नये, पलंगाखालच्या काळ्या लोखंडी पेटीपासून करावी. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर रंगवलेला असतो. हा नंबर कधी मिळाला, पेटीत तेव्हा काय काय होतं, घरून आलेलं पहिलं पत्र कुणी लिहिलं होतं, आईला लिहिता येत होतं का, सुट्टीवर येताना एसटी कुठवर यायची आणि पुढे किती चालावं लागायचं, असं विचारत जावं. घरच्या आजीला विचारायचं असेल, तर आजोबा फौजेत असायचे तेव्हा तिने एकटीने शेत कसं कसलं, हे विचारावं. तिची मुलाखत घ्यायला बहुधा कुणीच आलेलं नसतं. आणि दोघांनाही, पायांत चपला केव्हा आल्या?

रेकॉर्डर प्रत्येक फोनमध्ये आहे. निघताना बॅटरी तेवढी पूर्ण चार्ज करून न्यावी. आजोबा एकदा सुरू झाले, की तीस मिनिटांवर थांबत नाहीत.